तुमच्यात किती आलतं पाणी

एप्रिलच्या उन्हात सन्मती आली
आणि म्हणाली, मावशी, बाह्या मनगटापर्यंत कर.
पाचही ड्रेसच्या.
माझ्या गळ्यात टेप, तोंडात टाचण्या,
म्हणून काही बोलले नाही.
त्या दिवशी माझ्या हातून तेवढंच बरं झालं.

माप घेताना ती हात देईना.
दिला, तेव्हा
मी टाचण्या काढून आधी रडले,
मग ओरडले, मग तिच्या आईबापाला मधे आणलं,
शेवटी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवून
शपथ घातली :
परत असलं केलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.

तिनं मान हलवली.
पुढं दोन महिने छान हसत होती.
मला वाटलं, लागू पडली.

खणभागातल्या माझ्या दुकानात
भिंतीवर खांद्याच्या वर एक रेघ आहे.
दोनदा रंग दिला, दोनदा ती वर आली.
गिऱ्हाईक ब्लाउजपीस टेकवतं, रेघेकडं बघतं, विचारतं,
तुमच्यात किती आलतं पाणी?
मी सांगते, मशिन बुडालं, अस्तराचे तागे गेले.
त्या सांगतात, आमच्यात जिना बुडाला.
का येऊ दिलंत, असं कुणी म्हणत नाही.
कृष्णामाईला कुणी शपथ घालत नाही.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा मिरजेला सिव्हिलमध्ये गेलो.
तिथल्या बाई तिच्याशी तासभर बोलल्या,
मी बाहेर बाकावर.
मग मला आत घेऊन म्हणाल्या,
विचारत जा. ऐकवत नका जाऊ.
काय विचारू, ते नाही सांगितलं.

बस विश्रामबागेला आली तरी
मी शब्दच जुळवत होते.
टाचण्यांशिवायचं तोंड फार अवघड.
स्टँडवर उतरता उतरता निघालं ते दुकानातलंच,
तुझ्यात किती आलतं गं पाणी?

ती थांबली.
पिशवी या हातातून त्या हातात.
इथवर, म्हणाली, छातीशी हात नेऊन,
मग जरा विचार करून हनुवटीशी.
मी म्हटलं, बाई गं. मग पोहलीस कशी?
काय माहीत. हात हलत होते.

तिथंच, रिक्षावाल्यांच्या गलक्यात, मी म्हटलं,
ती शपथ सुटली. तूपण म्हण, सुटली.
सुटली, म्हणाली ती,
आणि नाक पुसलं लांब बाहीला.

आता रोज सकाळी विचारते, आज किती फूट?
आयर्विनला चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
आमच्या गावात पोरासोरांना पाठ आहे.
बावीस, म्हणते. एकोणीस.
परीक्षेच्या आठवड्यात चौतीस.
तिच्या आईला ही अजून चेष्टा वाटते.
तिला वेळ लागेल. मला लागलाच की.

पस्तीसच्या पुढं आम्ही सामान हलवतो.
कात्र्या, टाचण्या, सगळं डब्यात भरून
समोरच्या मुल्लाणी भाभींकडं.
डबा सन्मतीच नेऊन देते.
यात विश्वास-अविश्वास काही नाही,
काठावरचं माणूस पोती वर चढवतं, तेवढंच.
त्या दिवशी बाईंना फोन.
त्या दिवशी दुकानात कापाकापी बंद,
नुसती हातशिलाई.

परवा रात्री अडतीस म्हणाली.
दोघी जागलो.
बाईंनी फोनवर सांगितलं, सकाळी घेऊनच या.
ती बटणांच्या बरण्या ओतून रंगावारी लावत बसली,
मी एका साडीला फॉल लावला, वाकडा लागला, उसवला.
दोनच्या सुमाराला विचारलं, चढतंय?
थांबलंय, म्हणाली.
उतरत नाही. थांबलंय.
मी म्हटलं, चालेल. चहा टाकू?

सकाळी मिरजेला निघालो तर दारात भाभी,
हातात डबा, न्यायचा का म्हणून.
मी सन्मतीकडं बघितलं.
असू दे भाभी, तीच म्हणाली,
तुमच्यात अजून एक दिवस.